कॉईलला पाना लागलेला नाही

शिवमंदिर रोड, अंबरनाथ
रविवार, ता. २१ नोव्हेंबर १९९३

प्रिय रघू,

सप्रेम नमस्कार. आम्ही इथे ठीक आहोत, तुम्ही महाडला ठीक असाल असं धरून चालतो. दिवाळीला साधं कार्डही न टाकणारा माणूस एकदम रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवतो म्हणजे काहीतरी काम काढलंय, हे तू ओळखलं असशीलच. काम आहेच, पण आधी बातम्या ऐक.

उमा आठवीत गेली. उंचीने कुमुदिनीच्या पुढे गेली आणि बोलण्यात माझ्या. मंगळवारी मोरिवलीला गेलो होतो. तुझी आई अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. मला म्हणाली, "फोरमनसाहेब, वाट चुकलात वाटतं." टोमणा बरोबर होता, म्हणून गप चहा प्यायलो. गुडघा दुखतो म्हणते, पण मला निरोप द्यायला गल्लीपर्यंत चालत आली.

आता काम. आपल्या काळ्या फटफटीला या महिन्यात पंधरा वर्षं पुरी झाली. नव्या कायद्याप्रमाणे गाडी पुन्हा आरटीओत दाखवून पास करून घ्यावी लागते, नाहीतर रस्त्यावर काढता येत नाही. मी रजा टाकून, गाडी धुऊनपुसून, नवरीसारखी घेऊन गेलो. इन्स्पेक्टर तरुण होता. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "हे मॉडेल अजून चालतं?" मी म्हटलं, साहेब, चालवतच आणली.

नापास झाली. मागचा ब्रेक धरत नाही, हॉर्न बसलेला, हेडलाईट झाडाच्या शेंड्यावर पडतो, चाकाचे चार स्पोक ढिले आणि सायलेन्सर धूर फार टाकतो. कागद बघून माझा चेहरा पडला तेव्हा तो म्हणाला, "काका, इंजिनला काहीही झालेलं नाही. बाकीचं तेवढं म्हातारं झालंय. महिन्याभरात दुरुस्त करून आणा." बरं वाटलं. पण मग त्याने आर. सी. बुक उघडलं. "मालक रघुनाथ दौलतराव भोईर. तुम्ही कोण?"

त्र्याऐंशी साली आपण दोघांनी मिळून ही जुनी गाडी घेतली, तेव्हा लायसन फक्त तुझ्याकडे होतं, म्हणून तुझं नाव लागलं. पुढे तू महाडला गेलास, गाडी माझ्याकडे राहिली, आणि नाव बदलायचं आपण दोघेही विसरलो. आता नूतनीकरणाच्या फॉर्मवर मालकाची सही लागते. सोबत दोन फॉर्म आहेत. एक नूतनीकरणाचा, दुसरा नाव बदलायचा. दोन्हींवर फुली केली आहे तिथे सह्या कर.

कँटीनमध्ये चिंतामणी म्हणाला, भंगारात घाल ती, नाहीतरी दगाबाज गाडी आहे, रघूला ऐन मुलाखतीच्या दिवशी रस्त्यात टाकलं तिने. मी हसलो. नेवाळीला कॉईल जळली ते वाईटच झालं, पण यंत्र आहे, कधीतरी फसवणारच. त्यानंतर मात्र तिने मला एकदाही रस्त्यात टाकलेलं नाही, हे तुला सांगायला हवं.

तुझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान चांगलं चाललंय असं तुझ्या आईकडून कळलं. बनूवहिनींना नमस्कार.

तुझा,
श्यामकांत

•

अंबरनाथ
रविवार, ता. १९ डिसेंबर १९९३

प्रिय रघू,

तुझं पाकीट आठ दिवसांत आलं. दोन्ही फॉर्मवर सह्या, आणि सोबत चिठ्ठी. चिठ्ठीत एकच ओळ, "पास झाली की कळव, तिला नापास म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठव." कुमुदिनीला वाचून दाखवली तर ती हसली. मग म्हणाली, माणसाने सात वर्षांत गाडीतल्या वाट्याचं एका शब्दाने काही मागितलं नाही. मी उठून उगाच नळ बघायला गेलो.

तर कळवतो. गाडी पास झाली. गुरुवारी त्याच इन्स्पेक्टरने चालवून पाहिली, ब्रेक मारून पाहिला आणि पुढच्या पाच वर्षांचा शिक्का मारला. वर म्हणाला, "हिचं इंजिन चांगल्या हाताखालून गेलंय." मी त्याला सांगितलं की ते हात माझे नाहीत. खरंच आहे ते. मला क्लच सोडायला तू शिकवलंस. एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर रोज संध्याकाळी माझ्या मागे पळायचास आणि ओरडायचास, "हळू सोड रं, कोंबडी पकडतोस काय." ऑइल किती घालायचं, प्लग कसा घासायचा, चढावर गिअर कधी पाडायचा, सगळं तुझं. उमा चार वर्षांची असताना तापाने आकडी आली, तेव्हा तू शिफ्ट सोडून आलास आणि तिला नि कुमुदिनीला मागे बसवून अकरा मिनिटांत डॉक्टरकडे पोचवलंस. त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले का, आठवत नाही. आज मानतो.

आता मूळ गोष्टीला येतो. तीन पानं फाडून चौथं लिहितोय, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

दुरुस्तीला गाडी उल्हासनगरला नेली होती, कॅम्प दोनला भगवानच्या गॅरेजमध्ये. सुटे भाग मिळेनात, मॉडेल कधीच बंद झालं. शेवटी एका सिंधी दुकानदाराने माळ्यावरून ब्रेकशू काढून दिले. "साईं, ये तो मेरे बाप के टाइम का माल है," म्हणाला. भगवानने टाकी उतरवली आणि खाली बॅटरीने बघत राहिला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "काका, तुम्ही कॉईल बदलली होती म्हणालात ना? ही तर कंपनीची आहे. अठ्ठ्याहत्तरचा छाप आहे, आणि बोल्टवरचा कंपनीचा रंगसुद्धा फुटलेला नाही. या कॉईलला पंधरा वर्षांत पाना लागलेला नाही."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. त्याने पाणी आणून दिलं.

रघू, फेब्रुवारी सत्त्याऐंशीचा तो शुक्रवार तुलाही आठवत असेल. फोरमनची जागा एक, उमेदवार आपण दोघे, मुलाखत तळोज्याच्या प्लँटवर. माझी शुक्रवारी, तुझी शनिवारी सकाळी नऊला. गाडी त्या आठवड्यात माझ्याकडे होती. मी ती घेऊन जाऊन आलो आणि संध्याकाळी कंपनीच्या गेटवर चावी तुझ्या हातात दिली. "कशी झाली रे मुलाखत?" तू विचारलंस. मी म्हटलं, बरी. तू म्हणालास, "दोघांपैकी कुणालाही मिळो, पेढे मोरिवलीत."

आपला नियम होता. पेट्रोल संपत आलं आणि टाकीचा कॉक रिझर्व्हवर, तळाच्या राखीव पेट्रोलवर, फिरवला, की फिरवणाऱ्याने हँडलला पिवळं फडकं बांधायचं, म्हणजे पुढच्याने आधी टाकी भरायची. चार वर्षांत तो नियम एकदाही मोडला नव्हता. त्या शुक्रवारी येताना काटईला मी कॉक फिरवला होता. फडकं बांधलं नाही.

दुसऱ्या दिवशी नेवाळीच्या पुढे गाडी बंद पडली. ना पंप, ना दुकान. तू इस्त्रीच्या शर्टात ती ढकलत नेलीस आणि बाराला तळोज्याला पोचलास तेव्हा साहेब लोक निघून गेले होते. सोमवारी तू सगळ्यांसमोर सांगितलंस, "कॉईल जळली. भंगार गाडी. वाटेत नवी टाकून घेतली." जागा मला मिळाली. तीन महिन्यांनी तू महाडला गेलास.

त्या एका वाक्यावर मी सात वर्षं शांत झोपलोय. मनात म्हणायचो, कॉईलच जळली तर पेट्रोल असतं तरी काय उपयोग होता? गाडी बंद पडणारच होती. चिंतामणी तिला दगाबाज म्हणायचा आणि मी त्याच्याबरोबर हसायचो. बिचाऱ्या गाडीने ऐकून घेतलं.

आता कळलं की कॉईल जळलीच नव्हती, पेट्रोल संपलं होतं. म्हणजे नेवाळीला गाडी थांबल्यावर तुझा हात कॉकवर गेला असणार आणि तो आधीच रिझर्व्हवर फिरवलेला सापडला असणार. तुला त्याच क्षणी कळलं होतं. तू खरं बोलला असतास तर अख्ख्या कंपनीने म्हटलं असतं की श्यामकांतने मुद्दाम केलं. माझी जागा गेली असती, तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तू दोष गाडीवर टाकलास. गाडी तुझी लाडकी, तिला कुणी वेडंवाकडं बोललेलं तुला खपायचं नाही, आणि तूच तिला भंगार म्हणालास.

पगार वाढला, हे घर झालं, उमाची शाळा झाली, ते सगळं तुझ्या त्या खोटेपणावर उभं आहे. माझ्या सख्ख्या भावाने माझ्यासाठी एवढं केलं नसतं. हे लिहिताना मला रडू येतंय, आणि कुमुदिनी स्वयंपाकघरातून ऐकतेय हे मला माहीत आहे.

इथेच थांबलो तर पत्र छान होईल. पहिल्या तीन पानांत मी इथेच थांबलो होतो.

तू मला विसराळू समजून सांभाळून घेतलं असणार. माणूस मुलाखतीच्या गडबडीत विसरला, असं. मी विसरलो होतो, पण फक्त गेटवर चावी देताना. घरी येऊन हातपाय धुतले, कुमुदिनीने चहा ठेवला, आणि कप तोंडाला लावताना मला आठवलं. साडेसहा वाजले होते. बाहेर उजेड होता. तुझं घर चालत वीस मिनिटांवर. मी कप खाली ठेवला, चपलेपर्यंत गेलो. मग परत येऊन बसलो आणि चहा संपवला. कुमुदिनीने विचारलं, कुठे निघाला होतात? मी म्हटलं, कुठे नाही.

मी उठलो नाही, रघू. ती जागा मला हवी होती आणि तुझी मुलाखत माझ्यापेक्षा चांगली होणार हे मला माहीत होतं. तू ज्याला माफ केलंस तो विसराळू माणूस होता. तो मी नाही.

शुक्रवारी हे कुमुदिनीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तो चहा मी केला होता." काल कँटीनमध्ये चिंतामणीने पुन्हा गाडीची थट्टा काढली, तेव्हा सगळ्यांसमोर सांगून टाकलं की दोष गाडीचा नव्हता, माझा होता, आणि कसा होता तेही. त्याने अर्धा कप तसाच ठेवला आणि उठून गेला. संध्याकाळी मोरिवलीला जाऊन तुझ्या आईच्या पायाशी बसलो. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मना कनाला सांगतस? ज्याची वाट लावलीस त्याला सांग." आणि ताटात भाकरी वाढली. ती कशी खाल्ली ते माझं मला ठाऊक.

नाव बदलायचा फॉर्म मी दिलेला नाही, फाडून टाकला. गाडी तुझी आहे, अठ्ठ्याण्णवपर्यंत पास आहे, आणि येत्या रविवारी मी ती स्वतः चालवत महाडला आणतोय. टाकी वाटेत पेणला पुन्हा काठोकाठ भरीन. तू घरात असशील तर बाहेर ये, दोन शिव्या दे, चार दे. नसलास, किंवा असून नाही आलास, तर चावी बनूवहिनींच्या हातात देईन आणि एसटीने परत येईन. त्याचं मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही. तू माझ्यासाठी जे केलंस ते तेवढ्याने कमी होत नाही.

माफी पत्रात मागत नाही. ती तुझ्यासमोर उभं राहूनच मागायला हवी, आणि त्यासाठी सात वर्षांपूर्वी वीस मिनिटं चालायला हवं होतं. आता दीडशे किलोमीटर येतो.

चहा संपवत बसलेला,
श्यामकांत