तेल तापेपर्यंत चहा

४ मार्च
आणि वर माझ्याच खिशात काडेपेटी शोधतो! बख्तियारअका चुलतभाऊ, वयानं थोरला, म्हणून खिसा उलटा करून दाखवला. परांचीवरून पडलो, डोकं फुटलं, टाके पडले, निघाले. विषय संपला. तरी हा सिलेंडरचा रेग्युलेटर काढून उशाखाली घेऊन झोपतो. अख्ख्या अल्माटीत इतका भित्रा गवंडी नसेल.
निश्चय : त्याच्याशी बोलायचं नाही.

५ मार्च
बोललो. बूट सापडत नव्हते. फ्रिजमध्ये होते. कुणी ठेवले, देव जाणे.

९ मार्च
मुकादम म्हणतो, डॉक्टरचा कागद आण, मग चढ. कागदासाठी टेस्ट. दवाखान्यातल्या साउलेबाई टेस्ट घेणार. म्हणाल्या, लिहायचं काही नाही. बाजारातून सामान आणायचं, दवाखान्याच्या स्वयंपाकघरात रांधायचं, अकरा वाजता एक फोन करायचा. त्या नुसत्या बघणार, मदत नाही. हसूच आलं. उझगेनच्या, पुलावासाठी नावाजलेल्या गावच्या माणसाला रांधायला सांगतात! मिसरूड फुटायच्या आधीपासून लग्नांत पुलाव करतोय मी. म्हटलं, बाई, उपाशी या.
एकदा वर चढलो की आईला महिन्याला दोन लाख तेंगे.

१२ मार्च
टेस्ट उत्तम. गाजरं काड्यांसारखी चिरली. तेल मोठ्या आचेवर ठेवलं, धूर निघेपर्यंत तापवावंच लागतं. बघतो तर बाई उभ्याच! पाहुणा दारात आणि चहा नाही? बसवलं. नान तोडला. मान म्हणून पेला अर्धाच भरायचा, म्हणजे पुन्हा पुन्हा भरत राहायचा. गावच्या गोष्टी सांगितल्या. बाई सारख्या कढईकडे बघत होत्या. वाटलं, भूक लागली. मग धावत जाऊन त्यांनीच झाकण टाकलं. जाळ छताला लागला होता म्हणे. मदत करणार नव्हत्या ना? मग माझी टेस्ट कुणी बिघडवली? फोनचीही आठवण केली नाही.
घरी येताना अका म्हणाला, "ओरिफ, एकेक काम तुला झकास येतं रे. दुसऱ्याला हात घातलास की पहिलं पुसलं जातं." आला मोठा डॉक्टर!

२१ मार्च, नवरोझ, दुपार
अका झोपलाय. रेग्युलेटर उशाखालून अलगद काढला. उठल्यावर पुढ्यात पुलाव बघेल, स्वतःच बाईंकडे जाऊन माझी बाजू मांडेल. तेल ठेवलंय. आज चहाबिहा काही नाही. कढईसमोरून हलायचं नाही.
दार वाजतंय. शेजारची म्हातारी सणाचं गोड घेऊन आली असणार. सणाच्या दिवशी तिला दारातून कसं परत पाठवायचं? नुसतं "आत या" म्हणून येतो.

२९ मार्च
अकाचे दोन्ही हात पट्टीत. पेटती कढई उचलून बाहेर नेली त्यानं. मला हाक मारली असती तर मी झाकण टाकलं असतं. मी म्हातारीला चहा ओतत होतो, दोन पावलांवर.
कागद मिळाला. मला रशियन वाचता येत नाही, मुकादमानं वाचून दाखवला. उंचावर नको, आगीजवळ नको, एकटा नको. आता वाळू चाळतो, तीही कुणाच्या तरी नजरेखाली. रेग्युलेटर म्हातारीकडे असतो.
अका रागावत नाही. नुसतं म्हणाला, घरी कळवू नकोस. त्याला घास मीच भरवतो. काल घास हातात घेऊन खिडकीशी गेलो, तिकडेच रमलो. तो तोंड उघडून बसून होता.
गावी आईला आणि अकाच्या बायकोला, वहिनीला, मिळून पाठवतोय : नऊ हजार तेंगे.