स्मरणिकेतलं बेचाळीस सालचं पान

पिकाडा एर्लेन,
९ ऑगस्ट १९८३

प्रिय जुरेमा वहिनी,

नमस्कार. पाकिटामागचं नाव वाचूनही तुम्ही हे पत्र फोडलंत, म्हणून आधी आभार मानते. मी ओटिली, एडविनची धाकटी बहीण. एक्केचाळीस वर्षांत तुम्हाला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. पोर्तुगीज लिहायची सवय राहिलेली नाही, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

इकडे सगळं ठीक आहे. यंदा थंडी कडक पडली, परसातला कोबी काळवंडून गेला. आईला जाऊन बारा वर्षं झाली, बाबा तर तिच्या कितीतरी आधी गेले. घरात मी एकटीच असते. गुडघे दुखतात, पण टेकडी चढून मंडळात जाणं सोडलेलं नाही.

आमच्या गायन मंडळाला ऑक्टोबरात शंभर वर्षं पूर्ण होतायत. त्यामुळे गावात दुसरा विषय नाही. बायकांचं द्राक्षांचा केक किती थाळ्या करायचा यावरून वाजलंय. आमचे अध्यक्ष लाउरो, दातांचे डॉक्टर, तरुण आहेत, हौशी आहेत. त्यांनी सगळ्या पुरुषांसाठी थेट जर्मनीहून चामड्याच्या चड्ड्या मागवल्यात. आमचे पणजोबा जर्मनीतल्या हुन्सरुकच्या डोंगरातले फाटके शेतकरी, ठिगळांच्या विजारी घालून बोटीत बसलेले. असली चड्डी त्यांनी जन्मात पाहिली नसेल. मी तसं म्हटलं, तर लाउरो हसून म्हणाले, पाहुण्यांना हेच आवडतं, मावशी.

एडविन गेल्याचं पेपरात वाचलं होतं. दोन वर्षं झाली ना आता? त्या दिवशी मी तुमच्या गावाचं, पासो फुंदोचं तिकीट काढून स्टँडवर जाऊन बसले होते. बस लागली, भरली आणि सुटली. मी बाकावरून उठले नाही. तुमच्यासमोर उभं राहून काय बोलायचं ते ठरत नव्हतं. ते ठरायला अजून दोन वर्षं गेली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

शताब्दीची स्मरणिका निघणार आहे. ती लिहिण्याचं काम चिटणीस एगोन श्टाइनमेट्झकडे आहे. एगोन शाळामास्तर होता, निवृत्त झाल्यापासून याच कामात बुडालाय. गेल्या महिन्यात कार्यकारिणीच्या सभेत त्यानं बेचाळीस सालचा मजकूर वाचून दाखवला. लढाईत ब्राझील जर्मनीच्या विरोधात गेलं, जर्मन बोलायला बंदी आली, मंडळाला टाळं लागलं, गाण्यांची हस्तलिखितं आमच्या घरी लपवली, ती पोलिसांनी जाळली, हे सगळं होतं. आणि मग एक वाक्य होतं. ‘लपवलेल्या जागेचा ठावठिकाणा मंडळाच्या संचालकांच्या नव्या, परक्या समाजातून आलेल्या सुनेनं पोलिसांना सांगितला, असं समजतं.’

संचालक म्हणजे बाबा. तुमचं नाव नव्हतं. आमच्या घरातही तुमचं नाव कधी कुणी घेतलं नाही. ‘ती ब्राझीलवाली’ म्हणायचे. जणू आम्ही ब्राझीलबाहेर राहत होतो.

वहिनी, त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, मला पक्कं ठाऊक आहे. तरी मला ते एकदा माझ्या हातानं लिहू द्या.

तुमच्या लग्नाला चार महिने झाले होते. बाबांनी गाण्यांच्या वह्या, सभांची जुनी बुकं आणि मंडळाचा कशिद्याचा झेंडा मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्यांत ठेवला होता. भरलेल्या पेट्यांच्या मधोमध. पोलीस तिथं हात घालायला धजणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. तो बरोबरही होता. ते तिघं आले, कोठीतला मका उपसला, धुराच्या खोलीतली सॉसेजं खाली काढली, काही मिळालं नाही. निघालेच होते. बाबांना त्यांचं बोलणं धड कळत नव्हतं, आईला तर अजिबात नाही. एडविन गिरणीवर गेला होता. तुम्ही विहिरीवर कपडे धूत होतात.

त्यांच्यातला जो मोठा होता तो माझ्याजवळ आला. त्यानं टोपी काढली. मला ‘सेन्योरिटा’ म्हणाला. शाळेत पोर्तुगीज शिकतेस का, असं विचारलं. मी पंधरा वर्षांची. जर्मन शाळा बंद होऊन सरकारी शाळा आली तेव्हापासून मी वर्गात पहिली येत होते, आणि घरात त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. उलट बाबा तोंड फिरवायचे. त्या माणसाशी मी न अडखळता बोलत होते. तो म्हणाला, किती छान बोलतेस, शहरातल्या मुलीसारखी. मग पेट्यांकडे बघून सहज म्हणाला, वडलांच्या सगळ्याच पेट्यांत माश्या आहेत का?

मी म्हटलं, मधल्या ओळीतल्या चार सोडून.

त्यानं मला धमकावलं नव्हतं. हात उगारला नव्हता. तसं असतं तर मी इतकी वर्षं स्वतःला काहीतरी सांगू शकले असते. माझं वाक्य व्याकरणानं बरोबर आलं याचा मला आनंद झाला होता. तो विरायच्या आत त्यांनी पेट्या उघडल्या.

अंगणात सगळं जळलं. बाबांना नेलं. बेचाळीस दिवसांनी सोडलं. परत आले ते गप्पच. पुढं जगले तेवढ्या वर्षांत ते एक ओळ गायले नाहीत, चर्चमध्येसुद्धा नाही.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी एडविनला विचारलं, “घरात त्यांची भाषा येणारं कोण होतं?” माझं पोर्तुगीज त्यांच्या लेखी शाळेतली पोपटपंची होती, त्यामुळे मी त्यांच्या मनातही आले नाही. तुमचा चुलतभाऊ पोलिसात होता, तेवढं त्यांना पुरलं. एडविन ओरडला, टेबलावर मूठ आपटली. माझ्या हातात सूपची पळी होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. विहीर पेट्यांपासून वीस पावलांवर. तुम्ही सगळं ऐकलं होतं.

आठवड्याभरात तुम्ही दोघं घर सोडून निघालात. फाटकाशी तुम्ही माझ्यापाशी थांबलात आणि पोर्तुगीजमध्ये हळूच म्हणालात, “तुला इथंच राहायचंय. मला नाही.”

आईनं विचारलं, काय म्हणाली ग ती? मी सांगितलं, देव तुमचं भलं करो म्हणाली.

हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा वाईट होतं. पहिलं खोटं नव्हतंच म्हणा, ते खरंच बोलले होते मी.

लढाई संपल्यावर मंडळ पुन्हा सुरू झालं तेव्हा गायला गाणी नव्हती. मी खेड्यापाड्यांतून हिंडले. म्हाताऱ्या बायकांच्या स्वयंपाकघरात बसून, त्यांच्या हातचा कडू माते चहा पीत, त्यांना आठवेल ते उतरवून घेतलं. कुणाला चाल आठवायची, कुणाला शब्द. तीस वर्षांत दोनशे अकरा गाणी जमली. लोक म्हणत, पूर्वजांवर ओटिलीचं केवढं प्रेम. सुरुवातीला ते प्रेम नव्हतं, भीती होती. पुढं गाणीच आवडायला लागली, हे मात्र खरं. मी लग्न केलं नाही. शताब्दीला नव्या सभागृहाला माझं नाव द्यायचं ठरलं होतं.

एगोननं वाचून संपवलं आणि काही सूचना आहेत का, विचारलं. मी उभी राहिले. तुम्हाला आत्ता लिहिलं तेवढंच सांगितलं, यापेक्षा कमी शब्दांत.  कार्यकारिणीतल्या वेंडेलबाई माझा हात धरून म्हणाल्या, जाऊ दे ग, पोर होतीस. एगोननं कागदावर रेघ मारली आणि म्हणाला, ठीक आहे, ‘कुणीतरी सांगितलं’ असं लिहू. कुणालाच त्रास नको.

मी म्हटलं, “कुणीतरी लिहिलंस तर लोक तिचंच नाव घेतील. माझं लिही.”

तो चिडला. म्हणाला, ओटिली, हे शताब्दीचं पुस्तक आहे, तुझा कबुलीजबाब छापायला काढलेलं नाही. तुझं नाव असं छापलं तर आपण जमवलेल्या गाण्यांकडे लोक कसं बघतील? त्याचंही खोटं नव्हतं. तासभर वाद चालला. लाउरोंनी मत घेतलं. पाच विरुद्ध चार, माझं नाव छापायचं ठरलं. सभागृहाचं मी स्वतःच नको म्हणून सांगितलं.

तेव्हापासून काही जणी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसत नाहीत. काही मुद्दाम येऊन बसतात. दोन्ही सोसतंय. झोप मात्र बरी लागते.

क्षमा मागायला लिहितेय असं समजू नका. मागायची लाज वाटते, कारण तुम्ही ती फाटकाशीच देऊन गेलात आणि मी एक्केचाळीस वर्षं ती फुकट वापरली. एडविनला तुम्ही कधी सांगितलंत का? माझ्याबद्दल काय समजून तो गेला, एवढंच विचारायचं धाडस करते. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

नव्यानं लिहिलेलं पान सोबत जोडलंय. एगोननं पोर्तुगीजमध्ये करून दिलं, त्याचंच अक्षर आहे. तुमचं नाव यात पूर्ण आहे, माहेरच्या आडनावासकट. वाचून बघा. काही चुकलं असेल, राहिलं असेल, किंवा नावच नको असेल, तर समासात लिहून परत पाठवा. तुमचं उत्तर येईपर्यंत छपाई थांबवलीय. एगोन म्हणतो, उशीर झाला तर पुस्तक समारंभानंतर निघेल. निघू दे.

तुमच्या घरची, आणि जे घर तुम्ही माझ्यासाठी सोडलंत त्या घरचीही,

ओटिली