गल्लीतलं निळं पिंप

४ जून, सकाळ
पोपटराव मेंबरांनी मला गल्लीची कचराप्रमुख केलं. म्हणाले, अनसाबाई, तुमच्या तोंडापुढं कोण टिकतंय? खरंच हाय. कारेगावात न्हाई टिकत कोण. गल्लीच्या तोंडाला दोन पिंपं. हिरव्यात ओला कचरा, निळ्यात सुका. मिसळला तर घंटागाडी गल्लीत यायची बंद. आठ दिवसांत सगळ्यांना वळण लावते.

५ जून
पहिल्याच दिवशी निळ्या पिंपात चहाचा चोथा! आमच्या खोल्यांत कंपनीतली पोरं भाड्यानं ऱ्हात्यात, त्यांचंच काम. त्यांना म्हणलं, गीला उधर, सूखा इधर, नहीं तो खोली खाली. पोरं म्हणाली, मौसी, हम तो चाय भी कंपनी में पीते हैं. मग चोथा आभाळातनं पडला?

संध्याकाळ
सूनबाई स्वप्नाली म्हणली, आत्या, चोथा मामांनी टाकला. म्हंजी आमच्या ह्यांनी. ते धरायचं न्हाई. पुरुषमाणूस.

८ जून
देवाचं निर्माल्य साचलंय. फुलं, केळं, फुटका नारळ. खरकट्यात टाकायला हात धजंना. नदीत टाकू नका म्हणून मेंबरच बोंबलत्यात. पिशवीत गच्च बांधून निळ्या पिंपात ठिवलं. टाकलं न्हाई, ठिवलं.

११ जून
गाडीवाला सत्यजीत खवळला. निळ्या पिंपात आळ्या. सगळा पुठ्ठा नासला. मावशी, पुन्हा असं दिसलं तर चौकातनंच गाडी वळवीन, म्हणला. मी म्हणलं, चोर धरून देते.
स्वप्नाली हळूच म्हणली, आत्या, तुमची निर्माल्याची पिशवी... म्हणलं, देवाच्या वस्तूला आळ्या पडत्यात व्हय गं? शिकल्याल्या सुनेला समजावून सांगावं लागतंय.

१२ जून
पिंपापाशी खुर्ची टाकून बसले. ऊन मरणाचं. शेजारची दीक्षा आली, तिच्या दोन्ही बादल्या उपसल्या. कायबी सापडलं न्हाई. काकू, आता तुमची दाखवा की, म्हणली. आगाऊ. म्हणलं, पोलिसाची झडती कोण घेतं का?
उठताना नवं निर्माल्य ठिवून आले.

१५ जून
गाडी आली. मेंबर, पोरं, दीक्षा, सगळ्यांना मीच बोलावलं. म्हणलं, बघा आता चोर. निळं पिंप मीच उपडं केलं. माझी पिशवी फुटली. काळा झेंडू, केळ्याचा चिखल, वळवळ. म्हणलं, ही सोडा, तिच्याखालचं बघा.
तिच्याखाली नुसता पुठ्ठा.
पिशवी आमच्या पोराच्या लग्नातली. एक पोरगं मोठ्यांदा वाचाया लागलं, हनुमंत, स्वप्नाली, शुभविवाह. सगळी हसली. सूनबाई घरात पळाली. मेंबर माझ्याकडं न बघता म्हणाले, आजपासनं दीक्षाताई प्रमुख.
बरं झालं. मला कुठं सवड हाय?

१६ जून
गाडी चौकातनंच माघारी गेली. गल्लीचा कचरा चौकात न्यायचं काम सगळ्यांनी मिळून माझ्यावर टाकलं. भरवशाचं माणूस लागतं त्याला.

१८ जून
दोन हेलपाटे झाले. दारोदार बादल्या तयार, मौसी, हमारा भी. ओला निराळा, सुका निराळा, एकाचीबी चूक न्हाई. माझा धाक अजून हाय.
सत्यजीत म्हणला, मावशी, निर्माल्य ओल्यात द्या, त्याचं खत हुतंय, झाडाला जातंय. हात पुढं केला त्यानं. मला देववंना. पिशवी घरी माघारी आणली, फ्रीजवर ठिवली.
वास येतोय. उदबत्तीचा असंल.