सिटिझनशिपचा पोर्शन

३ फेब्रुवारी, शनिवार
मुग्धाने काल जेवणानंतर आम्हा दोघांचे न्यूझीलंडच्या सिटिझनशिपचे अर्ज ऑनलाइन भरून टाकले. भांडी डिशवॉशरला लावता लावता. मला विचारला फक्त पासपोर्ट नंबर. इतका मोठा निर्णय, आणि मी त्या वेळी रिसायकलिंगचा बिन रस्त्यावर लावत होतो.

आक्षेप अर्जाला नाही. अभ्यास न करता अर्ज भरण्याला आहे. मुग्धा म्हणते की परीक्षाच नसते, वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय. वेबसाइटवर सगळं लिहीत नाहीत. परीक्षा न घेता कुठलं सरकार कोणाला काही देतं? ड्रायव्हिंग लायसन्ससाठी यांनी मला दोनदा बसवलं होतं. सिद्धी (वय चौदा, जन्म इथलाच, म्हणजे जन्मतः नागरिक आणि जन्मतः आगाऊ) म्हणाली, डॅड, देअर इज लिटरली नो टेस्ट. या मुलीने आयुष्यात कधी बोर्डाची परीक्षा दिलेली नाही. तिला काय कळणार.

एक मात्र ठरलं. शपथ दोघांनी एकाच दिवशी, एकाच स्टेजवर, शेजारी शेजारी उभं राहून घ्यायची. लग्नानंतर जोडीने करायचं असं हे पहिलंच काम. हे घर लिलावात घेतलं तेव्हाही ती एकटी आत होती, मी पार्किंग शोधत होतो.

अभ्यास सोमवारपासून.

६ फेब्रुवारी, मंगळवार. वायटांगी डे
सोमवारी सुरुवात झाली नाही. मंगळवारी सुट्टी असताना सोमवारी कोणी नवीन काम काढत नाही.

आज पोर्शन आखला. इतिहास ४०, भूगोल ४०, नागरिकशास्त्र २०. लाल-हिरव्या पेनाने. दुपारी वायटांगीचा करार (१८४०, माओरी आणि इंग्रज यांच्यातला) वाचायला घेतला आणि शेजारच्या हेनीने कुंपणावरून हाक मारली, कियोरा शान, सॉसेजेस तयार आहेत. (माझं नाव शंतनू. अकरा वर्षांत ती ‘शान’च्या पुढे सरकलेली नाही.) हेनी माओरी, रिटायर्ड बस ड्रायव्हर. तिला म्हटलं, करारातल्या तीन कलमांवर थोडक्यात टीप दे. ती आपल्या आजोबांच्या जमिनीची हकिगत सांगत बसली. तासभर. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. ऐकायला चांगली होती, पण परीक्षेत चार ओळींत काय लिहायचं ते काही त्यातून निघेना. परीक्षा कशी असते हेही विचारलं. नेव्हर हर्ड ऑफ इट, म्हणाली. साहजिक आहे. तिला द्यावी लागली नाही.

९ मार्च, शनिवार
एकट्याने अभ्यास होत नाही. म्हणून क्लास काढला. ‘हट व्हॅली नागरिकत्व मार्गदर्शन वर्ग’. आमच्या गराजमध्ये. मुग्धाची गाडी बाहेर काढावी लागली, त्यावरून थोडं झालं.

विद्यार्थी दोन. यतीन, पेटोनीला राहतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर. अनुराधा, मुग्धाच्याच हॉस्पिटलात नर्स. दोघांचेही अर्ज गेलेले. अनुराधाने विचारलं की परीक्षा नक्की आहे ना. म्हटलं, समजा नसली तर ज्ञान वाया जातं का? तिने वही उघडली. यतीन चहासाठी आला होता असा मला दाट संशय आहे.

पहिलं लेक्चर: मतदाराला दोन मतं का असतात. खासदार १२० की १२३ यावर यतीनशी वाद. तो बरोबर निघाला. त्याला पुढच्या वेळी भूगोल देणार.

१४ एप्रिल, रविवार
सराव परीक्षा. पन्नास मार्क, चुकलं तर पाव मार्क कापणार. अनुराधा २३. यतीन ११. त्याने दक्षिण बेटावरचं सर्वांत मोठं शहर हॅमिल्टन लिहिलं. हॅमिल्टन उत्तर बेटावर आहे! माणूस पूल बांधतो या देशात.

मी स्वतः बसलो नाही. पेपर मीच काढलेला होता.

यतीनला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर तुझं कठीण आहे. तो म्हणाला, स्वीट ॲज (म्हणजे, बिनधास्त). या दोन शब्दांवर हा देश चालतो.

१२ मे, रविवार
मदर्स डे. मिरजेला आईला फोन. सिटिझनशिपचं तिला अजून सांगितलेलं नाही. आपला पासपोर्ट परत करावा लागतो हे तिला कसं सांगायचं, त्याची नीट तयारी करून सांगेन. कशात इतका गुंतलायस म्हणाली, तर म्हटलं एक परीक्षा आहे. तिचा आवाज एकदम खुलला. जागरण करू नकोस, बदाम भिजवून खा. मग नेहमीचं: परत कधी येताय? नेहमीचं उत्तर दिलं. दोन-तीन वर्षांत.

फोन ठेवल्यावर मुग्धाने माझ्याकडे नुसतं बघितलं. काय बघायचंय त्यात? आईला असंच सांगतात.

बदाम भिजवले.

२२ जून, शनिवार
क्लास चालू असतानाच यतीनला ई-मेल आला. मंजूर! त्याने गराजमध्ये उडी मारली आणि डोकं छताला टांगलेल्या सिद्धीच्या सायकलीला आपटलं.

निकाल लागला, पहिली बॅच. क्लासचं नाव झालं. पण ११ मार्कांचा माणूस पास होतो याचा अर्थ काय? एक तर शेवटच्या आठवड्यातलं माझं मार्गदर्शन लागू पडलं, नाहीतर इथल्या परीक्षेचा दर्जा घसरलाय. यतीनला विचारलं, तुझी परीक्षा कधी झाली? तो म्हणाला, झालीच नाही. लपवतोय. पहिल्या नंबरची मुलं शाळेतही अशीच करायची, अभ्यासच केला नाही म्हणायची.

२७ जुलै, शनिवार
अनुराधाही मंजूर. निकाल शंभर टक्के. क्लासला आता विद्यार्थी नाहीत. यशस्वी क्लासचं असंच होतं.

गराज परत मुग्धाच्या गाडीला दिलं. मी गाडीतच बसून वाचतो. शांतता असते.

सिटिझनशिपच्या ऑफिसला आणखी एक ई-मेल पाठवला. आधीच्यात अभ्यासक्रम, जुने पेपर आणि मार्किंग स्कीम मागितली होती. दर वेळी उत्तर तेच, अशी परीक्षा नाही. भाषा अत्यंत नम्र. गोपनीयता पाळणारे लोक असेच नम्र असतात. या वेळी जरा वरच्या दर्जाचा प्रश्न विचारला, म्हणजे उमेदवाराची खोली कळेल: नागरिकत्व मिळाल्यानंतर एखादा मनुष्य भारतात परत जाऊन राहिला, तर किती वर्षं चालतं? सोबत माझं नाव आणि अर्ज क्रमांक.

२० ऑगस्ट, मंगळवार
मुग्धाचं मंजूर. ट्रेनमध्ये होतो, तिचा फोन आला. वेलिंग्टन स्टेशन येईपर्यंत उभाच होतो, बसायला जागा असून. आनंद झाला. खरंच झाला.

माझं काही नाही. यादी आडनावावरून लावत नसणार, आडनाव एकच आहे. बहुधा नवरा-बायकोला एकाच दिवशी देत नाहीत, फसवणूक टाळण्यासाठी. मुग्धा म्हणाली, तुझं येईपर्यंत मी समारंभाची तारीख पुढे ढकलून घेऊ का? म्हटलं, काही गरज नाही, आठवड्याभरात येतंच.

४ सप्टेंबर, बुधवार
आलं! मला इंटरव्ह्यूला बोलावलंय. यतीनला नाही, अनुराधाला नाही, मुग्धाला नाही. फक्त मला. तोंडी परीक्षा फक्त निवडक उमेदवारांची असते.

मुग्धाचा चेहरा पडला. म्हणाली, त्यांना तू काय काय ई-मेल पाठवलेस? सगळे दाखवले. शेवटचा तिने मोठ्याने वाचला. मग म्हणाली, शंतनू, तिथे फक्त खरं सांग. आणि साधं.

खरं आणि साधं! तीस पानी तयारी आहे माझी.

१९ सप्टेंबर, गुरुवार
सूट घातला होता. दक्षिणेचा वारा इतका की वेलिंग्टन स्टेशनबाहेर टाय कानामागे.

इंटरव्ह्यू घेणारी बाई तरुण होती, बोलायला छान. कसा आलात, ट्रेनला गर्दी होती का, वीकेंडला काय करता. मी सांगितलं की आपण वॉर्म-अप करताय हे माझ्या लक्षात आलंय, मी तयार आहे. ती हसली. मी १८४० पासून सुरुवात केली. तिने १८९३पर्यंत, म्हणजे बायकांच्या मताधिकारापर्यंत, ऐकून घेतलं, मग म्हणाली की हे सगळं तिच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. (हे मी जसंच्या तसं नोंदवतोय.)

मग तिने माझ्या ई-मेलचा उल्लेख केला आणि विचारलं की तुमचा इथेच राहायचा विचार आहे ना?

एवढंच. हो किंवा नाही. कागदांत याचं उत्तर नव्हतं. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं: दोन-तीन वर्षं, मग बघू.

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, टेक युअर टाइम, पुन्हा विचारते. पुन्हा विचारलंही. मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि मला आईचा आवाज ऐकू आला. हो म्हणालो असतो तर त्या क्षणी मिरजेत तिला कोणीतरी जाऊन सांगितल्यासारखंच झालं असतं. मग मी त्या बाईला दोन मतांची पद्धत समजावून सांगितली.

२० सप्टेंबर, शुक्रवार
ऑफिसचा ई-मेल आला: अर्ज थांबवून ठेवलाय. विचार पक्का झाला की कळवा, असं लिहिलंय. नापास असं कुठेही लिहिलेलं नाही. दोनदा वाचून बघितलं.

मुग्धाला म्हटलं, प्रश्न पोर्शनच्या बाहेरचा होता. ती म्हणाली, पोर्शन तेवढाच होता. मग रडली. पंधरा वर्षं मी सामान बांधलेल्या माणसाबरोबर संसार करतेय, म्हणाली. याला उत्तर आहे माझ्याकडे. सापडलं की देईन.

३० ऑक्टोबर, बुधवार
समारंभ. मी प्रेक्षकांत, चौथी रांग, मांडीवर मुग्धाची पर्स आणि सिद्धीचं जॅकेट. स्टेजवर मुग्धा निळ्या पैठणीत. तिच्या शेजारी, जिथे मी उभा राहणार होतो तिथे, यतीन. समोशाच्या टेबलाकडे बघत होता.

शपथा झाल्या. महापौरांनी प्रत्येकाला एक रोप दिलं. मग राष्ट्रगीत. नवे नागरिक सगळे हातातल्या कार्डात बघून पुटपुटत होते. पूर्ण हॉलमध्ये माओरी आणि इंग्लिश दोन्ही कडवी न बघता, सुरात, खड्या आवाजात म्हणणारा एकच माणूस होता. सिद्धी म्हणाली, डॅड, प्लीज. मी थांबलो नाही.

संपल्यावर पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून माझा हात हातात घेतला, काँग्रॅच्युलेशन्स म्हणाले, वेलकम होम. थँक यू म्हणालो. गैरसमज दूर करण्याची ती वेळ नव्हती.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा
मुग्धाने ओवाळलं. ओवाळणी काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, खड्डा. रोप लावायचंय, कोवाईचं आहे, इथलंच झाड.

मी सुचवलं की कुंडीत लावू. पुढेमागे हलवायला बरं पडतं. तिने फावडं हातात दिलं.

माती दगडासारखी. कुंपणावर हात टेकून हेनी बघत होती. म्हणाली, अजून खोल, शान, ही झाडं खूप मोठी होतात. मग सहज विचारलं: म्हणजे तुम्ही लोक आता इथेच, एह?

मी म्हणालो, हो.

खणत खणतच म्हणालो. आईचा आवाज मधे आला नाही. मुग्धा रोपाची पिशवी कापत होती, तिचा हात थांबला. आईला उद्याच्या फोनवर सांगतो. तयारी न करता.

पेपर संपल्यावर सुचलेल्या उत्तराला मार्क नसतात, हे मला शाळेपासून माहीत आहे. तरी सोमवारी फेरतपासणीचा अर्ज टाकणार. मुग्धा म्हणते, फेरतपासणी वगैरे काही नसतं, त्यांना फक्त एक ओळ लिही.

वेबसाइटवर सगळं लिहीत नाहीत, असं मी म्हणणार होतो. नाही म्हणालो. एक ओळ लिहायला बसलोय. दुपारपासून.