लिंडाआजीच्या रांगेत उभी राहू नकोस

मकाऊ, १२ मार्च २०२५, बुधवार

लाडक्या आल्डिना,

तू, कॉलिन आणि मुली मजेत असाल असं धरून चालते. इथे सगळं ठीक. मार्च असल्यामुळे भिंतींना घाम सुटलाय, कपडे वाळायला चार दिवस लागतात, माझा डावा गुडघा कुरकुरतो आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पुन्हा पियानो शिकायला घेतलाय. म्हणजे नेहमीचंच.

पाहुण्यांना मकाऊ दाखवायची तू पाठवलेली यादी मिळाली. फोनवर बोलले असते, पण तू तुझ्या मानाला, थोरल्या बहिणीला, वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. चौदा ठिकाणं, आल्डिना! अडीच दिवसांत! आणि कुणी काढली ही यादी? तू या गल्ल्यांत वाढलीस, इथे सायकलवरून पडून तुझे दोन दात गेले, आणि तुला तुझंच गाव इंटरनेटवरच्या कुठल्याशा पोऱ्याकडून कळायला हवं?

पहिल्यापासून घेते. ते हॉटेलातले कालवे. रंगवलेल्या छताला आकाश म्हणायचं, रांगेत तासभर उभं राहायचं, मग होडीत बसून दुकानांपुढून चक्कर मारायची. होडीवाला गातो. पाणी कमरेइतकंही नाही. कॉलिनच्या क्लबातल्या सहा माणसांना पाण्यात बसवायचंच असेल तर घाटावरून साधी फेरी पकडा, निदान खारा वारा तरी लागेल.

अर्ध्या उंचीचा तो पॅरिसचा मनोरा. अर्ध्या उंचीचा! अर्धं लग्न, अर्धी पोळी, अर्धा मनोरा, कुणी आनंदाने घेतं का? मोठ्या टॉवरवरून दोरी बांधून उडी मारायची म्हणतेस, तर कॉलिनने गेल्या वर्षी गुडघा बदलून घेतलाय, हे यादी करणाऱ्याला माहीत नसेल, तुला तरी असावं.

जळालेल्या चर्चची भिंत चांगली आहे, त्या बिचारीचं काही चुकलेलं नाही. पण तिथवर जाणारी गल्ली! दोन्ही बाजूंची पोरं बदामाची बिस्किटं आणि गोड मांसाचे तुकडे तुमच्या तोंडात कोंबतात. सकाळी सातला जा, नाहीतर जाऊ नका.

दोनशे पदार्थांच्या बुफेला मुळीच जायचं नाही. ज्या स्वयंपाकघरात दोनशे पदार्थ होतात, तिथे एकावरही कुणाचा जीव नसतो. सोन्याचा वर्ख लावलेला अंड्याचा टार्ट म्हणजे तर निव्वळ फाजीलपणा. आणि जुगार बघायचा असेल तर जरूर बघा, दहा मिनिटं. तिथे कुणीच हसत नाही, हे लक्षात आलं की तुझे पाहुणे आपणहून बाहेर येतील.

दहा, अकरा, बारा: तेच ते, नवीन इमारतीत. तेरा बंद पडलंय. चौदाव्या ठिकाणचं कारंजं खरंच नाचतं, पण नाचणारं कारंजं एकदा बघितलं की बघून झालं.

तर अशी सगळी गंमत. त्यापेक्षा सगळ्यांना माझ्याकडे आण. खोली लहान आहे, पण नऊ माणसं मांडीला मांडी लावून बसतील. मी मिंची करीन, आपला खिमा-बटाटा, वर तळलेलं अंडं.

तू म्हणशील, माना, नऊ नंबर राहिला. राहिला नाही. मी गाळला. तिसऱ्यांदा पेन उचलतेय.

नऊ नंबरपुढे तू लाल शाईने तारा काढलायस आणि लिहिलंयस: “ही माझ्या मायची खानावळ! इथे माझी माना स्वतः वाढेल!” यादीवाल्याने तिथे लिहिलंय, ‘कासा एर्मेलिंडा, लिंडाआजीच्या हातची आफ्रिकी कोंबडी, चुकवू नका’. खाली भिंतीवरचा मायचा फोटो. तो बघून तू फुलून गेलीस, हे तुझ्या अक्षरावरूनच कळतं.

तिथे जाऊ नकोस, आल्डिना. तिथे रांग लागते. दीड तास.

खरं कारण रांग नाही. ती खानावळ आता आपली नाही. दोन वर्षं होत आली. मी ती एका कंपनीला दिली, नावासकट, फोटोसकट, कोंबडीच्या कृतीसकट.

आता मध्ये बोलू नकोस. पत्रात तुला बोलता येत नाही हेच बरं.

दर रविवारी तू फोनवर विचारायचीस, “खानावळ कशी चाललीय?” मी सांगायचे, गर्दी आहे. खोटं नव्हतं ते. गर्दी होतीच. मी फक्त तिथे नव्हते.

गेल्या वर्षी मी एकदा तिथे गेले होते, गिऱ्हाईक म्हणून. मायच्या फोटोखाली बसले. कानाला माईक लावलेली मुलगी आली आणि पाठ केल्यासारखी सांगायला लागली, लिंडाआजी म्हणे आफ्रिकेहून जहाजाने आली, मसाल्याची गुप्त पेटी छातीशी धरून. माय! जी हाँगकाँगच्या बोटीत पहिल्या दहा मिनिटांत ओकायला पिशवी मागायची! मी म्हटलं, “पोरी, ही बाई इथून दोन गल्ल्या पलीकडे जन्मली. माझी आई आहे ती.” तर ती गोड हसली आणि म्हणाली, “हो ना काकू, सगळ्यांनाच ती आपली वाटते!” मी कोंबडीचे चार घास खाल्ले आणि उठले. बेचव. साफ बेचव.

इथे पेन पुन्हा थांबलं होतं. खाली जाऊन कोथिंबीर आणली. गरज नव्हती.

त्या साथीत मला ताप आला होता, आठवतं? तुला सांगितलं होतं, बरी झाले म्हणून. ताप गेला. जाताना माझी चव आणि वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, आठवडा लागेल, महिना लागेल. मी थांबले. आणि खानावळ चालू ठेवली. आठ महिने मी मायच्या चुलीपुढे उभी राहून आठवणीने स्वयंपाक केला. मीठ बोटांना ठाऊक होतं, शेंगदाण्याचा रंग डोळ्यांना ठाऊक होता. मला वाटलं, कुणाला कळणार नाही. रोवेना होती मदतीला, ती म्हणाली, “सेन्योरा, मी चाखून बघत जाऊ का?” मी तिच्यावर खेकसले. मायची खानावळ मी दुसऱ्याच्या जिभेवर चालवू?

बाल्ताझार मास्तर आठवतात? तीस वर्षं दर बुधवारी खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे. एका बुधवारी त्यांनी नेहमीसारखं ताट चाटूनपुसून संपवलं, “ओब्रिगादो, नातेर्सिया, छानच,” असे आभार मानले आणि गेले. छत्री विसरले होते, म्हणून मी मागे धावले. मास्तर पुढच्या वळणावरच्या कांजीवाल्या बाईकडे बसले होते. भरला वाडगा पुढ्यात. भुकेल्यासारखे खात होते. ती बाई मला बघून ओशाळली आणि म्हणाली, “मास्तर दर बुधवारी येतात हल्ली.”

दर बुधवारी, आल्डिना. माझं ताट गिळून, मला वाईट वाटू नये म्हणून, आणि मग जेवायला दुसरीकडे.

मी छत्री टेबलाला टेकवून ठेवली. त्यांनी वर बघितलं नाही. पुढच्या महिन्यात कंपनीची माणसं आली तेव्हा मी त्यांच्याशी घासाघीसही केली नाही. कृती मात्र प्रामाणिकपणे लिहून दिली, एक चमचा इकडचा तिकडे नाही.

तुला का सांगितलं नाही? तू म्हणाली असतीस, दे ना सोडून, ये पर्थला. किंवा रडली असतीस. दोन्ही मला झेपलं नसतं.

आता तुला हवं ते ठरव. पाहुण्यांना काय सांगायचं ते तूच बघ.

तुझ्यापासून लपवायला आता काहीच उरलं नाही अशी,
माना


मकाऊ, ९ मे २०२५, शुक्रवार

लाडक्या आल्डिना,

तुम्ही सुखरूप पोचलात, कॉलिनची टोपी सापडली, हे कळलं. इथे आता उकाडा. पियानो चालूच आहे, एक हात बसलाय म्हणे.

तुझा राग अजून पुरता गेला नसणार, माझाही गेलेला नाही, तेव्हा सरळ लिहिते. माझ्या पहिल्या पत्राला तू चार पानी शिव्या देशील असं मला वाटलं होतं. तू एकच ओळ पाठवलीस: “माना, ज्या बाईला चवच लागत नाही, तिने ती कोंबडी बेचव कशावरून ठरवली?”

आठवडाभर मी त्या ओळीवर धुमसत होते. बुफे वाईट, टार्ट वाईट, कोंबडी वाईट. दोन वर्षं मी हे शहर नापास करत सुटले होते, आणि तोंडात सगळ्याचाच कागद होत होता.

आणि मग तू आलीस, आणि मी नको म्हटलेलं सगळं एकेक करून केलंस! घाटावर उतरून सामानासकट थेट त्या रांगेत. मी फोनवर ओरडतेय, “आल्डिना, घरी ये आधी!” आणि तू म्हणतेस, “नंबर लागत आलाय.” संध्याकाळी दारात उभी राहून, पिशवी खाली न ठेवता, मला निकाल ऐकवलास: “कोंबडी चांगली आहे. मायची नाही. पण चांगली आहे, माना.”

तुला काय वाटलं, मला बरं वाटेल? मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. वाईट असती तर मला राग धरायला जागा होती. चांगली आहे म्हटल्यावर मी काय करायचं?

तुझ्या पाहुण्यांनी तर कमाल केली. कालव्यातल्या होडीत कॉलिन होडीवाल्याबरोबर गायला आणि पुलावरच्या सगळ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, हे मला सहा माणसांनी सहा वेळा सांगितलं. अर्ध्या मनोऱ्याखाली तुझी ती उंच मैत्रीण आनंदाने रडली म्हणे. असो. त्यांचे डोळे, त्यांचा आनंद. मी आता गप्प बसायला शिकतेय, जमत नाही.

पण मला त्या तिसऱ्या दिवसाबद्दल लिहायचंय. ते सगळे कारंजं बघायला गेले आणि तू डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलीस. तुझं डोकं दुखत नव्हतं, मला लहानपणापासून ठाऊक आहे तुझं दुखणारं डोकं. नऊ माणसांची मिंची करायची होती. तू न विचारता चमचा घेऊन कढईपाशी उभी राहिलीस.

“मीठ,” तू म्हणालीस.

“किती?”

“चिमूटभर.”

“कुणाची चिमूट? तुझी चिमूट म्हणजे मूठ असते.”

“मग मला का विचारतेस? घाल तुझ्या मनाने, मास्तर आहेतच कांजी प्यायला!”

बोललीस आणि तुझा चेहरा पडला. मी झारा आपटला. मग तूच सुरू झालीस, आणि खानावळ विकल्याबद्दल एक अक्षर नाही. “आठ महिने! आठ महिने तू एकटी त्या चुलीपुढे उभी होतीस, आणि मला दर रविवारी पाऊस किती पडला ते सांगायचीस! मी काय हवामान खात्यात आहे? मी तुझी बहीण ना?” एवढं बोलून तू बटाट्याच्या फोडी इतक्या जोरात परतल्यास की निम्म्या बाहेर. मी म्हटलं, “फोडी मोडतील.” तू म्हणालीस, “मोडू देत.” मी म्हटलं, “सोया सॉस?” तू नाक पुसत चाखलंस आणि म्हणालीस, “थोडा अजून. थांब. बास. आता माय म्हणाली असती, उतरवा.”

मी गॅस बंद केला. एका शब्दानेही वाद घातला नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसेल.

तुझी माणसं आली, खाटेवर, खिडकीत, जमिनीवर बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मग कॉलिनने रिकामी थाळी पुढे केली आणि त्याच्या त्या भयंकर उच्चारात “मायस” म्हणाला. अजून. त्याच्यामागे बाकीच्यांनी.

तू गेल्यापासून एक गोष्ट सांगायची राहून गेलीय. तापानंतर मी घड्याळ बघून जेवते. बारा वाजले की चार घास, सात वाजले की चार घास, औषध घ्यावं तसे. त्या दुपारी तू अंड्याचा पिवळा भाग फोडलास, तो भातावर पसरला, तू बोट चाटून म्हणालीस, “माना, बस ना आता,” आणि माझ्या पोटात काहीतरी हललं. मला वाटलं, दुखायला लागलं. अर्ध्या मिनिटाने कळलं, भूक होती.

चव आली नाही. खोटी आशा लावून घेऊ नकोस. कांदा काय, अंडं काय, सगळं तसंच मुकं. पण मी थाळी पुरी संपवली आणि कुणी बघत नाही असं पाहून कढई पुसून खाल्ली.

काल बाल्ताझार मास्तर जिन्यात भेटले. मी त्यांना बुधवारी जेवायला बोलावलंय. आधीच सांगितलं, “मला चव लागत नाही, मास्तर. कढईपाशी उभं राहून चाखावं लागेल, आणि खोटं बोललात तर हाकलून देईन.” त्यांनी जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाले, “नातेर्सिया, मला मीठ कमी लागतं हं.” तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं मला!

मुलींना पापे. कॉलिनला सांग, त्याने गाणं शिकावं.

तुझी, या आठवड्यात तीनदा भूक लागलेली,
माना