ऑर्ल मेडोमधली अर्धी गाडी

मी, हेस्टर मेरी प्रॉबर्ट, वय वर्षे अठ्ठावन्न, अविवाहित, राहणार लोअर हेन्ग्रोव्ह फार्म, किंग्टनजवळ, हेरफर्डशर, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. दोन कप चहा झालेला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भाच्याचा आहे, पण तो उलट दिशेने आहे. पुढच्या महिन्यात डॉक्टर माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. ते आशावादी आहेत, मी व्यवस्थित आहे. सबब यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते; विशेषतः २००९ सालचे, ज्यात मी रागाच्या भरात सर्व काही म्हाताऱ्या गाढवांच्या आश्रमाला ठेवले होते.

हे मृत्युपत्र खरे तर एका शेतासाठी आहे. बाकीची कलमे त्याला सोबत म्हणून.

कलम १. अंमलबजावणी वकील ग्वेन्डा प्रीस यांनी करावी. त्यांनी मला एक तयार मसुदा दिला होता. भाषा निर्दोष होती, पण तीत मी कुठेच सापडेना.

कलम २. घर, गोठा, सफरचंदांच्या दोन्ही बागा आणि सायडरचा घाणा माझ्या भावाचा मुलगा एड्रियन यास. तो जमिनींचे व्यवहार पाहतो आणि कर्तबगार आहे. घाण्याशेजारचे जुने झाड दर तीन वर्षांनी एकदाच फळते. त्याने त्या झाडाला नोटीस देऊ नये.

कलम ३. शेजारी अर्नेस्ट टज यांस माझी वीस फुटी शिडी. ती १९९४ पासून त्यांच्याकडेच आहे, त्यामुळे ताबा देण्याचा प्रश्न येत नाही.

कलम ४. ओढ्याकाठचे चार एकरांचे ऑर्ल मेडो हे शेत, त्याचे फाटक, आणि तिथल्या आल्डरच्या झाडांखाली उभी असलेली अर्धी जळालेली लाकडी घरगाडी लेमेंटिना लव्हरिज, राहणार ईव्हशम, हिला कायमची, बिनशर्त.

हे वाचून एड्रियन खुर्चीतून उठेल. त्याने बसावे. कारणे खालीलप्रमाणे.

एड्रियनने मला गेल्या वर्षी एक पत्र पाठवले. परवानगीशिवाय कोणी आपल्या जमिनीत तळ ठोकला तर मालकाने काय करावे, याचे पाच उपाय त्यात होते: आधी नीट सांगावे, न ऐकल्यास माणसे लावून बेताच्या बळाने हलवावे, कोर्टातून ताब्याचा हुकूम आणावा, पोलिसांना बोलवावे, आणि सर्वांत उत्तम, कोणी येण्याआधीच फाटकात मोठे दगड टाकून ठेवावेत. शहाण्या लोकांना आजवर साम, दाम, दंड, भेद असे चारच सुचले होते. एड्रियनला पाच सुचले आणि त्यांत दाम नाही, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे.

पण त्याच्या यादीत माझ्या बाबांचा उपाय नाही. लव्हरिज हे गाड्यांतून फिरणारे रोमानी कुटुंब दर सप्टेंबरला आमच्या हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलींवरच्या बोंडांच्या, तोडणीला येई आणि ऑर्ल मेडोत उतरे. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी बाबा फाटकाची साखळी काढून खांबावर अडकवून ठेवत. तेवढीच परवानगी. कागद त्यांच्याकडे नव्हता आणि आमच्याकडेही नव्हता.

दगडांचा प्रयोगही झालेला आहे. १९७३ साली मामांच्या सल्ल्याने बाबांनी फाटकात चार दगड टाकले. लव्हरिज मंडळी आली, पाहिले, आणि पुढे निघून गेली. आठवडाभर हॉप्स वेलींवर तपकिरी होत गेले. शेवटी बाबा स्वतः ट्रॅक्टर घेऊन गेले आणि दगड ओढून काढले. दुसऱ्या दिवशी मिझेली लव्हरिज, म्हणजे लेमेंटिनाची आई, फाटकाशी उभी.

“मालक, यंदा दगड चांगले धरलेत म्हणे. तोडणीला कधी येऊ?”

“तुमच्यासाठीच राखून ठेवले होते, बाई,” बाबा म्हणाले. “पण ते आधीच कोणी तोडून नेले.”

मी तेव्हा बारा वर्षांची होते. बाबांना हरताना आणि हरून खूश होताना मी प्रथमच पाहिले.

मिझेलीमावशीच्या गाडीत पितळी कड्या लखलखत असत आणि कपाटात फुलांची चिनी भांडी असत. मला आत जायची मुभा होती, हात लावायची नव्हती. तोडणीची यंत्रे आली, मग हॉप्सही गेले, तरी ती मंडळी सप्टेंबरात चार दिवस येतच. बाबा वारल्यावर रविवारची साखळी मी काढू लागले.

१९९६ च्या सप्टेंबरात मिझेलीमावशी त्याच शेतात, त्याच गाडीत गेली. गुरुवारी गावच्या चर्चच्या आवारात दफन झाले. मी सफरचंदाचा केक नेला होता. शुक्रवारी सकाळी नऊला अंगणातून मला आल्डरच्या झाडांवर धूर दिसला. आमच्याकडे धूर दिसला की हात फोनकडे जातो, डोके मागून येते. मी अग्निशमन दलाला फोन केला. आमचे दल म्हणजे गावचीच माणसे: बेकरीवाला, न्हावी, आणि बंब चालवणारा डेस्मंड ग्विलियम. ती त्या दिवशी सात मिनिटांत पोचली. त्या तत्परतेचा मला अजून राग येतो.

मेलेल्या माणसाची गाडी त्याच्या सामानासकट जाळायची, भांडी फोडायची, म्हणजे ते माणूस मोकळे होते. हे मावशीने मला स्वतः सांगितले होते. मी ते आजोबांच्या काळातले समजून विसरून गेले होते.

मी धावत शेतात पोचले तेव्हा आग विझलेली होती. काळ्या पाण्यात फुलांच्या बशांचे तुकडे पडले होते. लेमेंटिना माझ्याकडे वळली.

“हेस्टर, माझ्या आईला अर्ध्या रस्त्यात उभी केलीस गं.”

बंबामागून एक पोलीस आला होता. त्याने गाड्या मोजल्या. “बाई, अकरा आहेत. ही माणसं तुमच्या परवानगीनं उतरलीत का? नसली तर सांगा, आत्ता हलवतो.”

फाटकाशी टज आणि अर्धे गाव उभे होते. मी म्हणाले, “मला जरा विचार करू द्या.” साखळी त्या वेळी खांबावर लटकत होती, मी नुसते बोट दाखवले असते तरी पुरे होते. पोलिसाला विचार करणारी बाई म्हणजे नकार वाटला. बाराच्या आत शेत रिकामे झाले.

“आत्या, ती माणसं एकदा आली की जात नाहीत,” असे एड्रियन म्हणतो. गेली होती, बाळा. तेवीस वर्षे झाली.

गाडी मी कोणाला हलवू दिली नाही. एका संग्रहालयाने मागितली होती, एड्रियनने भंगारवाल्याला दाखवली होती. तीन वर्षांपूर्वी मी लेमेंटिनाला पत्र लिहिले. ती आली. आता विटांच्या घरात राहते. भिंतींची सवय झाली म्हणाली, छताची अजून नाही. ती गाडीपुढे जाऊन उभी राहिली.

“आता पेटव,” मी म्हणाले. “कोणी येणार नाही.”

“परक्याच्या शेतात, परक्याच्या मर्जीवर एकदा पेटवली होती.”

“मग तुझ्या जागेत ने.”

“मेलेल्या माणसाची गाडी हलवतात होय?”

“मग शेतच घे. उद्या वकिलाकडे जाऊ.”

“जिवंत माणसाकडून जमीन घेतली की जन्मभर आभार मानत बसावं लागतं, हेस्टर. मला तुझे आभार मानायचे नाहीत.”

ही अट मला रास्त वाटली. म्हणून हे मृत्युपत्र. झडप उत्तम चालली तर लेमेंटिनाला थांबावे लागेल, याबद्दल मी दिलगीर आहे. एड्रियनने या कलमाला हरकत घेतल्यास कलम २ मधील सर्व काही गाढवांकडे जावे. तो आश्रम अजून चालू आहे. मी फोन करून विचारले.

कलम ५. स्वयंपाकघरातले निळे इनॅमलचे घमेलेही लेमेंटिनाला. ज्यात मोजे धुतात त्यातच कप विसळलेला पाहून मिझेलीमावशीने आमचा चहा नाकारला, तेव्हा माझी आई दोन दिवस धुमसत होती. तिसऱ्या दिवशी तिने बाजारातून हे आणले, फक्त कपांसाठी. मोजे त्यात कधीही पडलेले नाहीत, हे मी शपथेवर सांगते.

कलम ६. शेत लेमेंटिनाच्या नावावर झाल्यावर ती सोयीचा दिवस ठरवील. त्या दिवशी फाटकाची साखळी एड्रियनने स्वतःच्या हाताने काढून खांबावर अडकवावी. मग घरात जाऊन चहा करावा. आल्डरच्या झाडांवर धूर दिसेल. फोनला हात लावू नये.

हे मी वाचून, समजून, रडू न येता लिहिले आहे (कलम ४ वगळून).

हेस्टर मेरी प्रॉबर्ट
लोअर हेन्ग्रोव्ह फार्म, दि. १४ ऑक्टोबर २०१९

आम्हा दोघांसमक्ष वरील बाईंनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही.

१. ब्रॉनवेन मॅडॉक्स, टपाल वाटप, किंग्टन.

२. डेस्मंड ग्विलियम, सेवानिवृत्त बंबचालक. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण मी वाचला. त्या दिवशी गावातून कोणी फोन केलाच, तर दल माझ्या मुलाच्या हाताखाली आहे. त्याला मी आजच सांगून ठेवतो.