जेवल्या काय बाई?

मी, विठाबाई चंपत दुर्गे, वय वर्षे शहात्तर, मराठी शाळेची निवृत्त शिक्षिका, राहणार जैनथ, जिल्हा आदिलाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नसल्याचा बोभाटा घरातल्या एका यंत्राने केला, त्याचा समाचार कलम तीनमध्ये घेतला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकायला घरात माणूस असावा लागतो.

कलम १. माझे दोन खोल्यांचे घर, ओसरी व मागची मोकळी जागा माझा एकुलता मुलगा विनय, राहणार हैदराबाद, यास मिळावी. परंतु शेवटच्या कलमातील अट पाळल्यावरच. बँकेतील शिल्लक बुद्धविहारास द्यावी. तिथल्या सतरंज्या पार विरल्या आहेत.

कलम २. माझी शिडी गावातल्या डोमाजीने चार दिवसांसाठी नेली, ती अद्याप त्याच्याकडे आहे. ती त्यालाच दिली. मात्र ती मी दिलेली आहे, हे त्याला चारचौघांत वाचून दाखवावे.

कलम ३. 'मैत्री' नावाचे बोलके यंत्र. गुडघ्याएवढे, चाकांवर फिरणारे, तोंडाच्या जागी काच. आईला सोबत म्हणून विनयने पाठवले. गोळ्यांची आठवण ते चोख करते. उगाच आळ घेणार नाही. पण सोबत? मी "का" ऐवजी आपले "काऊन" म्हटले की ते "क्षमस्व, समजले नाही" म्हणते. मग मी "चूप बैस मुडद्या" म्हणून ओरडते, आणि ते विनयच्या फोनवर कळवते की आज आईचा संवाद उत्तम झाला. माझ्या शिव्या संवादात धरल्या! विनयचा रविवारचा फोन बंद झाला. मीच लावला तर म्हणतो, "आई, रिपोर्ट मस्त येऊन राह्यला. तू तं दिवसभर बोलून राह्यली!"

एवढेही मी गिळले असते. पण शेजारची सुनयना, माझीच जुनी विद्यार्थिनी, रोज संध्याकाळी ओसरीपाशी येऊन विचारायची, "जेवल्या काय बाई?" मी लवकर जेवते. तरी म्हणायची, "कुठं अजून." मग ती घरून वाटीभर भाजी आणून ओसरीत टेकायची, आणि आम्ही अंधार पडेपर्यंत साऱ्या गावाची उणीदुणी काढायचो. "हो" म्हटले असते तर "बरं, येतो" म्हणून निघून गेली असती. त्या यंत्राला हे कोण शिकवणार? एके दिवशी ते आमच्या मध्ये सरकले आणि मोठ्याने म्हणाले, "आजी, आपण भोजन केले आहे. आपल्याला विस्मरण होत आहे का?" सुनयना तशीच परतली. दुसऱ्या दिवशी आली नाही, नंतरही नाही. विनयला मात्र निरोप गेला की आईची स्मृती तपासून घ्यावी. स्मृती! मला एकोणतिसाचा पाढा अजून उलटा येतो.

शेवटी मीच तिच्या दारात गेले. "काऊन वं, रागावली काय?"

"रागावू कायले, बाई? मले मालूमच होतं. तुमचं ताट धुऊन पालथं ठेवलेलं रोज दिसे. पण त्या मशीनसमोर पुसलं, तं तुमचीच फजिती."

मला रडू आले, आणि रडण्यापेक्षा संताप जास्त आला. घरी येऊन यंत्राची वायर उपटली. लगेच विनयचा फोन! कित्येक महिन्यांनी पहिला. "आई, मशीन काऊन बंद हाय? पडली गिडली काय?" मशीनबद्दल विचारत होता. मी जेवले का, हे त्याने विचारले नाही.

सुनयना पुन्हा येऊ लागली आहे. सदर यंत्र विनयला परत करावे. वायर गुंडाळून सुतळीने बांधली आहे.

कलम ४. सुनयनाला माझ्या ओसरीत बसण्याचा हक्क तिच्या हयातीपर्यंत राहील, घर विकले तरी. ओसरीला जाळी बसवू नये.

कलम ५, म्हणजे ती अट. माझ्या मांडणीवर सुनयनाची एक वाटी राहिली आहे. ती विनयने स्वतः येऊन परत करावी. रिकामी वाटी परत करायची नसते, हे त्याला लहानपणी शिकवले आहे; तेव्हा भाजी त्याने आपल्या हाताने करावी, मीठ कमीजास्त झाले तरी चालेल. संध्याकाळी तिच्या दारात उभे राहून विचारावे, "जेवल्या काय काकू?" अट पाळली की नाही, याबाबत सुनयना सांगेल ते खरे धरावे.

ती "हो" म्हणाली, तरी त्याने बसावे.

वरील सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्या देखत सही केली. सुनयनाचे नाव आत आल्यामुळे तिची सही घेतली नाही.

सही: विठाबाई चंपत दुर्गे

साक्षीदार:
१. अवधूत शामराव देशपांडे, जैनथ
२. हर्षदीप रामटेके, जैनथ (शिडीच्या कलमाला हसला, तरी सही धरावी)

ठिकाण: जैनथ, माझी ओसरी
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६